विचारून सांगतो

१

दुपारी मागच्या खोलीतून रंध्याचा आवाज आला नाही, की माझ्या हातची शिलाई वाकडी जायची. सवय, दुसरं काय. मी पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन घेऊन बसते आणि लोकांचे कपडे घट्टसैल करून देते. नवरा मागच्या खोलीत सुतारकाम करायचा. मध्ये स्वयंपाकघर. माझं मशीन खडखडू लागलं की तो तिकडून ओरडायचा, "ए सुई, तेल पाज त्या म्हातारीला!" त्याचा हातोडा फार वेळ चालला की मी इकडून म्हणायचे, "अरे मिस्त्री, खिळा मेला असेल आता. सोड त्याला!" आमचा संसार असा दोन खोल्यांतून एकमेकांवर खेकसत चालला होता, आणि बरा चालला होता.

त्याला सगळे मिस्त्रीच म्हणत. तोंडाचा फटकळ. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एका बड्या गिऱ्हाइकाला त्यानं विचारलं होतं, "एवढं लांब कपाट करून आत ठेवणार काय, सासऱ्यांना?" ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. घरातही तीच तऱ्हा. भिंगरीनं, म्हणजे आमच्या मुलीनं, एकदा पॉलिशचा डबा लवंडला तेव्हा तो असा गरजला, की पोर माझ्या मशीनखाली जाऊन बसली. थोड्या वेळानं बघते तर हाच मशीनखाली अर्धा शिरलेला, हातात लाकडाचा बेडूक, आणि तो बेडूक एका राजाला कसा चावला याची थाप रंगात आलेली. राग आणि थापा, दोन्ही त्याच्याकडे भरघोस होतं. मोजून मापून तो फक्त लाकूड कापायचा.

मग एका सकाळी तो कुणाच्या तरी दुकानात माळ्याच्या फळ्या बसवायला गेला. शिडी सरकली. खाली दगडी पायरी होती.

ऑपरेशन झालं. कपाळापासून कानामागपर्यंत टाके घातले. मी आणि त्याची थोरली बहीण, आम्ही सगळे जिला आक्का म्हणतो ती, दवाखान्यातल्या बाकावर बसून राहिलो. तो डोळे उघडून इकडेतिकडे बघायला लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं.

"जिवावरचं बोटावर निभावलं," त्या म्हणाल्या. "पण आता सांगते ते नीट ऐका. मार डोक्याच्या पुढच्या भागाला बसलाय, कपाळाच्या मागे. माणसाचा स्वभाव, रागलोभ, कुठे काय बोलावं याची समज, हे बरंचसं तिथून चालतं. अशी माणसं कधी फार चिडकी होतात, कधी अगदी थंड. जुनं काही आठवेल, काही नाही. घर तेच राहतं, पण आतला कारभारी बदलतो म्हणा ना."

"जुना कारभारी परत येतो का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "थोडाफार येतो. पण त्याची वाट बघत बसू नका. जो घरी येईल, त्याच्याशी ओळख करून घ्या."

मला त्या बाईंचा भयंकर राग आला. ओळख करून घ्या म्हणे, माझ्याच नवऱ्याशी.

२

घरी आणलं तेव्हा तो दाराबाहेर थांबला. रिक्षातून उतरताना आक्कानं धरलेला हात त्यानं अलगद सोडवून घेतला होता.

"चपला कुठे काढू?" त्यानं विचारलं.

"ठेव माझ्या डोक्यावर," मी म्हटलं. आमची बोलण्याची रीतच ती. तो हसला नाही. त्यानं चपलांकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे, आणि खरोखरच विचारात पडला. मीच वाकून त्या कोपऱ्यात ठेवल्या.

"तुम्ही कशाला वाकलात," तो म्हणाला.

तुम्ही. लग्नाआधीपासून हा माणूस मला अगं-तुगं करत आलेला. आक्का तोंडावर हात ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली.

पुढचे दिवस तो घरात पाहुण्यासारखा राहिला, आणि पाहुणा म्हणून इतका चांगला माणूस मी पाहिलेला नाही. खुर्चीच्या कडेवर बसायचा. कपाट उघडण्याआधी "उघडू का?" विचारायचा. मी एकदा सूपमध्ये मीठ घालायचंच विसरले, तर त्यानं वाटी पुसून घेतल्यासारखी संपवली आणि "छान झालं होतं," म्हणाला. भिंगरीच्या चित्रांची वही तो पानपान बघायचा. पूर्वी एक चित्र नीट बघायला त्याला फुरसत नसे.

"आई, बाबा आता ओरडत नाही," ती मला हळूच म्हणाली. "असाच राहू दे ना."

मी हो म्हटलं. लेकराला दुसरं काय सांगणार?

आक्का दर रविवारी यायची. तिचं तोंड त्याच्याहून फटकळ. तिनंच त्याला वाढवलेला, त्यामुळे त्याच्या लहानपणाचा मक्ता तिच्याकडे. एका रविवारी ती म्हणाली, "काय रे, दूधवाल्याचं कुत्रं चावलं होतं तुला, ते कुठे? आठवतंय का?"

तो खुर्चीच्या कडेवर जरा पुढे सरकला. मग म्हणाला, "विचारून सांगतो."

"कुणाला विचारतोस? कुत्र्याला?"

किती तरी दिवसांनी आम्ही हसलो. आक्काच्या तर डोळ्यांत पाणी आलं. आम्ही हसतोय हे बघून तोही हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो अपघातानंतर पहिल्यांदाच मागच्या खोलीत गेला. दार लावून घेतलं. मी मशीन थांबवून कान दिला, पण हत्याराचा एक आवाज नाही. बाहेर आला तो सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "डाव्या पोटरीला चावलं होतं. आणि ते कुत्रं लंगडं होतं."

मी आक्काला फोन लावला. तिनं ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग नाक ओढत म्हणाली, "लंगडंच होतं गं. मी विसरूनच गेले होते."

३

'विचारून सांगतो' ही आमच्या घरात म्हणच होऊन बसली. भिंगरी शाळेत बाईंनाही तसंच म्हणाली आणि बोलणी खाऊन आली. जुन्या कपाटाची किल्ली कुठे असते? विचारून सांगतो. तू चहात साखर किती घ्यायचास? विचारून सांगतो. दुपारी तो मागे जाऊन बसायचा, आणि संध्याकाळी हातात काहीतरी घेऊन यावं तसा एकेक आठवण घेऊन यायचा.

डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "शांत जागा लागते त्यांना. ओळखीचा वास, ओळखीची हत्यारं. त्यातून धागा सापडतो. कुणाला विचारतात ते सोडा, उत्तर येतंय ना?"

येत होतं. एके दिवशी तो बाहेर आला आणि दारातून मला म्हणाला, "सुई."

माझ्या हातातला कपडा गळून पडला. मी रडले, त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. सगळं झालं. पण त्या क्षणीसुद्धा मला एक जाणवलं, आणि जाणवलं म्हणून मी स्वतःला शिव्या घातल्या. त्यानं तो शब्द अगदी बरोबर म्हटला होता. शिंपी नवं बटण कापडावर धरून बघतो ना, तसा.

त्यानंतर तो मला अगं म्हणायला लागला. शीळ घालायला लागला. चहा बशीत ओतून प्यायला लागला. रोज थोडा थोडा माझा नवरा त्याच्यात येत होता, आणि मला आनंद व्हायचा. आंधळा मागतो एक डोळा, तिथे मला दोन्ही मिळत होते.

एका दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. पहिला घास घेताच त्यानं ताट झटक्यानं पुढे ढकललं. "हे काय जेवण आहे? माणसानं खायचं की जनावरानं?"

वाक्य जुनंच होतं. आवाज तोच, डावी भुवई तशीच वर गेलेली. पाण्याचा पेला कलंडला. भिंगरी खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसली. माझ्या छातीत मात्र काहीतरी उसळलं. आला, आला माझा माणूस, असं वाटलं.

पण हात तसाच हवेत धरून तो माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता.

"असंच ना?" त्यानं हळू आवाजात विचारलं. "की थोडं जास्त झालं?"

४

मी दाराला कान लावणाऱ्यांतली नाही. पण त्या दुपारी लावला. दार त्यानंच बनवलेलं, कुठे फट नाही. लाकूड कानाला गार लागलं.

"मग ती काय म्हणाली?" हा आवाज मऊ, सावकाश. घरी आलेल्याचा.

मग दुसरा. खरखरीत, शब्द ओढत बोलणारा. तो आवाज मी हजार माणसांत ओळखला असता. "म्हणाली... थांब. काहीतरी झकास म्हणाली होती. सगळे हसले होते."

"आठव."

"नाही येत रे आता. परवा तुला सांगितलं ना मी? तूच सांग की मला."

"ते झालं आता. पुढचं सांग."

 मग तो खरखरीत आवाज, अगदी दमलेला. "पुढचं कशाच्या पुढचं?"

मी मनाला समजावलं. माणूस एकटा बसला की दोन तोंडांनी बोलतो. मी नाही का मशीनशी बोलत? त्याच्या तर डोक्याला मार. सगळं खरं होतं. तरी मी दार वाजवलं. त्यानं लगेच उघडलं. आत तो एकटाच. कामाचं टेबल, भिंतीला टेकवलेल्या फळ्या, फळीवर ठेवलेला रंधा. त्याच्या हाताला अजून कंप होता, म्हणून रंध्याला त्यानं हात लावलाच नव्हता.

"कुणाशी बोलत होतास?"

"स्वतःशी," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालतं."

रविवारी मी आक्काला सांगितलं. आम्ही स्वयंपाकघरात मटार सोलत होतो. पुढच्या खोलीत तो भिंगरीला गोष्ट सांगत होता. मला वाटलं आक्का मला उडवून लावेल, पण ती शेंग हातात धरून बसून राहिली.

"त्या कुत्र्याची गोष्ट आहे ना," ती म्हणाली, "ती त्यानं मला किती तऱ्हांनी सांगितली असेल. एकदा तो लांडगा होता. एकदा दोन कुत्री होती. एकदा तर यानंच कुत्र्याला चावलं होतं. ऐकून ऐकून खरं काय झालं ते मीच विसरले. आणि हा सरळ सांगतो, डावी पोटरी, लंगडं कुत्रं. बरोबर आहे. सगळं बरोबर सांगतो." तिनं शेंग मोडली. "माझा भाऊ जन्मात कधी एवढं बरोबर बोलला नाही गं."

"मार बसलाय आक्का डोक्याला."

"मीही स्वतःला तेच सांगते."

पुढच्या खोलीतली गोष्ट संपली होती. भिंगरी म्हणत होती, "आता बेडकाची सांग, तो राजाला चावला ती." आणि मऊ आवाज म्हणाला, "ती खरी नाहीये, बाळ. बेडूक चावत नाहीत."

५

शाळेला सुटी होती. लख्ख ऊन पडलेलं. मिस्त्री आणि भिंगरी पुढच्या खोलीत जमिनीवर बसून सोंगट्या खेळत होते, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी एका पडद्याची कड शिवत होते. लांबलचक पडदा, अंतच नाही. शिवता शिवता लक्षात आलं, शिलाई सुरेख जातेय. अपघातानंतर पहिल्यांदाच अशी एकसारखी, डोळे मिटूनही जावी तशी. मला बरं वाटलं. मग कळलं, हात कशाच्या तरी तालावर चाललाय.

मागच्या खोलीत रंधा चालू होता.

मी मशीन थांबवलं. आवाज थांबला नाही. लांब ओढ, मग जरा विसावा, मग पुन्हा लांब ओढ. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं सोंगटी पुढे सरकवली आणि मान वर केली नाही.

शेजाऱ्यांकडे काम चाललं असेल, असं म्हणत मी उठले. स्वयंपाकघरातून जाताना शेगडीवरचं दूधही मी खाली उतरवून ठेवलं, हे मला चांगलं आठवतं. घाबरलेलं माणूस दूध उतरवत नाही. म्हणजे मी घाबरले नव्हते.

मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी ते ढकललं. वरच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा आला होता आणि त्यात भुसा तरंगत होता. ताज्या तासलेल्या लाकडाचा वास. टेबलाच्या पलीकडून लाकडाच्या सालीचं एक वेटोळं घरंगळत आलं आणि माझ्या पायाशी थांबलं.

टेबलामागे कुणीतरी जमिनीवर बसलं होतं. पाठ माझ्याकडे. खांदे पडलेले. केस दाट, आणि कानामागे टाक्यांची खूण नाही. त्या कानावर पेन्सिल खोचलेली. हात पुढे जात होते, मागे येत होते. खालची फळी तासून तासून कागदासारखी झाली होती, तिच्यातून जमीन दिसत होती, तरी हात चाललेच होते.

"मिस्त्री?" मी म्हटलं.

हात थांबले. "कोण?"

"अरे मी. सुई."

 मग तो आवाज, माझ्या माणसाचा तो खरखरीत आवाज, परक्या माणसाशी बोलावं तसा अदबीनं म्हणाला, "ओळख नाही पटत. बाई, तुम्ही इथल्याच का? बाहेर कुठून जायचं, तेवढं सांगता?"

 मी हात पुढे केला. "इकडून. माझ्याकडे ये. ये, मी आहे इथे."

तो टेबलाच्या कडेला धरून उठला, आणि वळला.

सुईतला दोरा तुटायला जेवढा वेळ लागतो, तेवढंच मी पाहिलं असेल. भिंतीवर वर्षानुवर्षं लावलेली तसबीर काढली, की तिच्या जागी भिंतीचा एक फिका तुकडा उरतो. तिथे काहीतरी होतं, एवढं कळतं. त्याच्या चेहऱ्याच्या जागी तसंच होतं, मी एवढंच सांगू शकते.

मागून माझ्या खांद्यावर हात पडला. उबदार, ओळखीचा. नवऱ्याच्या दुसऱ्या हातात अजून सोंगटी होती.

"राहू दे सुई," तो म्हणाला. "त्याला आता काही येत नाही."

आणि त्यानं दार ओढून घेतलं. घाईनं नाही. मूल झोपलेलं असलं की ओढतात तसं.

"बाबा," भिंगरी पुढून ओरडत होती, "तुझा डाव आहे!"

६

आक्का आली तेव्हा आम्ही दोघींनी मिळून ते दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. रंधा फळीवर, त्याच्यावर धूळ. जमिनीवर मात्र सालींचा ढीग होता. आक्कानं एक साल उचलली, बोटात कुस्करली, हुंगली. "ओली आहे अजून," ती म्हणाली. मग हाताला काही चिकटावं तसे तिनं हात झटकले आणि त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. म्हणाल्या, "अशा पेशंटच्या घरच्यांचं कुणी बघत नाही. माणूस जिवंत असतो, म्हणून त्याच्यासाठी रडताही येत नाही. मग ते दुःख कुठून तरी वाट काढतं." त्यांनी मला झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या चुकीचं काही बोलल्या असं मला आजही वाटत नाही.

मिस्त्री मात्र बरा झाला. हाताचा कंप गेला, रंधा पुन्हा चालू झाला. गिऱ्हाइकं परत आली. तो त्यांची थट्टा करतो, बेतानं. भिंगरीवर ओरडतो, तेही बेतानं, आणि नंतर जवळ घेतो. ती अभ्यासात पुढे गेली आहे, अंगानं भरली आहे. डॉक्टरीणबाईंनी त्याला शिकाऊ डॉक्टरांपुढे नेऊन उभं केलं. असा पेशंट लाखात एक, म्हणाल्या.

मागच्या खोलीत नुसता बसायला तो आता जात नाही. दुपारी दोन कप चहा करतो आणि माझ्या मशीनशी येऊन बसतो.

"सुई, एक विचारू?"

पहिल्यांदा मला त्याचं फार अप्रूप वाटलं. कुठला नवरा असं विचारतो? माझ्या मिस्त्रीनं तर कधीच विचारलं नाही. आपण पहिल्यांदा कुठे भेटलो, तुझे वडील मला काय म्हणाले होते, तू लहानपणी कशाला घाबरायचीस. मी रंगवून सांगायचे. तो माझ्या ओठांकडे बघत ऐकायचा. चहा निवून जायचा.

मग एक दिवस भिंगरी माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, मी झाले तेव्हाची गंमत सांग ना."

मी कात्री खाली ठेवली. "तुझ्या वेळी ना..." म्हटलं, आणि पुढे काहीच नव्हतं. अंधुक नव्हतं, अर्धवट नव्हतं. खोली झाडून घ्यावी तसं लख्ख रिकामं.

स्वयंपाकघरातून तो म्हणाला, "अगं, लिफ्ट बंद पडली होती दवाखान्यातली. आई जिन्यातच बसली. नर्सला म्हणाली, मी आता इथून हलत नाही, घाई पोरीला आहे, तिचं तिनं बघावं!"

भिंगरी खिदळली. मीही हसले. गोष्ट छानच होती. जिन्यात बसलेली ती बाई मला आवडली. वाटलं, हिला एकदा भेटायला हवं होतं.

"तुला कुणी सांगितलं हे?" मी विचारलं.

"तूच की. काल, चहा घेताना."

थकवा आहे. गोळ्याही आहेत. वयही होतंय. आक्काला सांगितलं तर ती नुसती माझा हात धरून बसली. तक्रार घेऊन मी कुणाकडे जाणार, आणि कसली? नवरा चांगला वागतो ही? लेक सुखात आहे ही? आता तो विचारतो तेव्हा मी "आठवत नाही" म्हणते. तो चिडत नाही. समोर बसून राहतो. त्याला भरपूर धीर आहे.

एक गोष्ट मी ठेवली आहे. कुणालाच न सांगितलेली, आमच्या दोघांतली, माझ्या जुन्या मिस्त्रीची. कपडे शिवताना ती मी मनातल्या मनात चाचपून बघते. आहे अजून. ती काय, ते मी इथेही सांगणार नाही.

बाकीचं हे सगळं सांगायला बसले त्याला कारण आहे. सांगितलं की ते आपल्याकडे राहत नाही, एवढं मला कळलंय. त्या दुपारी टेबलामागून उठून जो माझ्याकडे वळला, तेवढं एक माझ्याकडून जावं, म्हणून पहिल्यापासून, काही न गाळता सांगितलं.

अजून तरी गेलेलं नाही.